महिला महाविद्यालयात खेळ, गाणं आणि नाटक : इंदूरच्या मराठी घरांसाठी माहिती

बारावीनंतर मुलीला कुठल्या महाविद्यालयात घालायचं, हे ठरवताना घरात चर्चा होते ती विषय, फी आणि बसच्या सोयीची. मैदान आहे का, नाटकाची तालीम कुठे होते, हे सहसा कुणी विचारत नाही. मग शाळेत खो-खो खेळणारी, गाण्याच्या परीक्षा दिलेली मुलगी पहिल्याच वर्षी हे सगळं सोडून देते. ही माहिती म्हणूनच कामाची.

मुलींच्याच महाविद्यालयाचा फायदा

मुलामुलींच्या एकत्र महाविद्यालयात नाटकाचं दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य ही कामं बरेचदा मुलांकडे जातात. मुलींच्या महाविद्यालयात सगळं मुलींनाच करावं लागतं. पुरुषाची भूमिकाही मुलगीच करते. मराठी रंगभूमीवर एकेकाळी याच्या उलट होतं. बालगंधर्व स्त्रीभूमिकांसाठीच ओळखले गेले आणि मास्टर दीनानाथांनीही स्त्रीभूमिका केल्या. याच दीनानाथांची मुलगी लता २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरमध्ये जन्मली.

कॅथलिक धर्मभगिनींनी चालवलेल्या महिला महाविद्यालयांत अभ्यासाच्या जोडीला या गोष्टींना जागा देण्याची जुनी रीत आहे. मुंबईचं सोफिया (१९४१) आणि गोव्यात नुवें इथलं कार्मेल (१९६४) ही आपल्या भागातली ठळक नावं. दोन्हीकडे सर्व धर्मांच्या मुली शिकतात. सोफियाच्या आवारातलं भाभा सभागृह तर मुंबईच्या नाट्यरसिकांच्या चांगल्या ओळखीचं. इंदूरमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी मोती तबेल्याचं माता जिजाबाई शासकीय महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं. लोक त्याला अजूनही 'जीडीसी' म्हणतात. शहरातला विद्यापीठाचा कारभार देवी अहिल्या विश्वविद्यालयाकडे आहे. त्याची स्थापना १९६४ ची, सध्याचं नाव १९८८ पासूनचं.

खेळ

इंदूर म्हटलं की होळकर संघ आठवतो. सी. के. नायडू, मुश्ताक अली यांच्या काळात या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पण मुलींना सांगावं असं नाव आहे संध्या अग्रवाल. इंदूरच्या या सलामीच्या फलंदाजाने १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध वूस्टरला ९ तासांहून अधिक वेळ खेळून १९० धावा केल्या. महिला कसोटीतला तो तेव्हाचा विक्रम होता. आधीचा १८९ धावांचा विक्रम १९३५ पासून टिकून होता. १३ कसोटींत त्यांची सरासरी ५० च्या वर आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकाचे सामने इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाले, तोवर मधे जवळपास चार दशकं गेली होती.

युवा महोत्सव आणि मराठी

कलेच्या स्पर्धांची शिडी अशी असते : आधी महाविद्यालय, मग आंतरमहाविद्यालयीन फेरी, मग विद्यापीठाचा संघ आणि पुढे विभागीय व राष्ट्रीय आंतरविद्यापीठ महोत्सव. संगीत, नृत्य, नाट्य, साहित्य आणि ललित कला असे पाच विभाग असतात. आंतरविद्यापीठ पातळीवरचे रूढ नियम असे :

एकांकिका : ३० मिनिटं, मंचावर जास्तीत जास्त ९ कलाकार. प्रादेशिक भाषा चालते, मात्र कथेचा सारांश हिंदीत किंवा इंग्रजीत आधी द्यावा लागतो.

सुगम गायन : ४ ते ६ मिनिटं. चित्रपटगीत चालत नाही. गीत, गझल, भजन आणि अभंग चालतात.

समूहगान : ६ गायिका, ३ साथीदार. प्रादेशिक भाषेतलं गाणं चालतं, चित्रपटातलं नाही.

मूकनाट्य : ५ मिनिटं, ६ कलाकार. इथे भाषेचा प्रश्नच नाही.

म्हणजे मध्य प्रदेशातल्या विद्यापीठाकडूनही मराठी एकांकिका करता येते, घरी आजीकडून शिकलेला अभंगही गाता येतो. हे ठाऊक नसल्यामुळे मराठी मुली हिंदीच निवडतात. वेळेची मर्यादा आणि इतर नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं परिपत्रक पाहूनच तालीम सुरू करावी.

इंदूरमध्ये मराठी नाटकाला प्रेक्षक आहे. सानंद न्यास वर्षभर मराठी नाटकं आणते आणि सभासद गटागटाने ती पाहतात. चांगलं नाटक पाहायला मिळणं ही नाटक करण्याची पहिली शिकवणी.

प्रवेश घेताना काय विचारावं

क्रीडाशिक्षिका कायमच्या आहेत की तात्पुरत्या? तालमीला सभागृह किती वाजेपर्यंत मिळतं? उशीर झाला तर मुलींना घरी पोचवायची सोय काय? स्पर्धेला गेलेल्या दिवसांची हजेरी धरतात का? यातले शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. घरचे 'नको' म्हणतात ते बहुधा खेळाला किंवा नाटकाला नसतं. संध्याकाळी सातला एकटीने परत येण्याला असतं. ज्या महाविद्यालयाने एवढी एक सोय केली, तिथे मुली मैदानावरही टिकतात आणि रंगमंचावरही.