पक्षिबाजार आणि वऱ्हाडातील फास

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावच्या बाजूचा मुलूख कपाशीचा. तथापि शेताच्या धुऱ्यांवर, पडीक रानांत व नाल्यांच्या काठी तित्तिर, लावा, होला यांची वस्ती पूर्वापार आहे, आणि त्यांच्या मागावर फिरणारा फासेपारधीही ह्याच वऱ्हाडचा. रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पारध्यांच्या फाशांची माहिती आढळते. मात्र ह्या फाशाचे दुसरे टोक शहरातील मंडईत असते, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

हा व्यापार जुना आहे. लाल मुनियेचे ‘अमांडावा’ हे शास्त्रीय नाव म्हणजे अहमदाबाद ह्या शहरनामाचाच अपभ्रंश होय; पिंजऱ्यातील मुनिया तेथूनच युरोपात जात. मुंबईत १८६९ साली बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटातही (आताची महात्मा जोतीबा फुले मंडई) पोपट व मुनिया यांची विक्री पुढे दीर्घकाळ चाले.

कायद्याची वाटचाल विशेष बोधप्रद आहे. १८८७ च्या कायद्यान्वये, विणीच्या हंगामात नुकतेच मारलेले वा धरलेले रानपक्षी नगरपालिका व लष्करी छावण्यांच्या हद्दीत बाळगण्यास व विकण्यास मनाई करता येई. म्हणजे सरकारचा पहिला रोख रानावर नसून बाजारावर होता. गिऱ्हाईकच नसेल तर फास टाकील कोण, हा त्यामागील तर्क चुकीचा नव्हता. पण वेशीबाहेरच्या शिवाराशी त्याचा संबंध येत नसे. १९१२ च्या कायद्याने परिशिष्टातील पक्ष्यांपुरता मनाईचा काळ ठरविण्याची तरतूद केली. ते परिशिष्ट वाचले म्हणजे कायदा कोणाच्या सोयीचा होता ते उमगते. त्यात माळढोक, तणमोर, तित्तिर, लावा, बदके ही बंदुकीची पाखरे आहेत. पिसांपायी मारले जाणारे बगळे, नीलकंठ व खंड्या आहेत. पोपट आणि मुनिया नाहीत. पिंजऱ्याचे कोणास सोयरसुतक नव्हते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतरही परवान्याने व्यापार चालू राहिला. निर्यात व देशांतर्गत विक्री ही दोन्ही दारे बंद झाली ती १९९०-९१ च्या सुमारास. तरीही अब्रार अहमद यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या उत्तर भारतातील पाहणीत हा व्यापार जोरात चालू असल्याचे दिसून आले. त्याचे परिणाम सर्व जातींवर सारखे नाहीत. लावे दर वर्षी पुष्कळ पिले काढतात, म्हणून त्यांची तूट काही अंशी भरून येते. करण पोपटाची पिले मात्र ढोलीतूनच काढली जातात, व त्या ढोलीसाठी जुना वृक्षच लागतो. मध्य भारतात तुरळक राहिलेली हिरवी मुनिया आज जागतिक यादीत संकटग्रस्त गणली जाते, त्याचे एक प्रमुख कारण पिंजरा हेच आहे.

पारध्याच्या वाट्यास काय आले? अनेक भागांत गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का त्याच्यावर होता, तो १९५२ साली पुसला गेला. वीस वर्षांनी त्याचा वंशपरंपरागत धंदाच गुन्हा ठरला. त्याला जमीन नव्हती आणि बाजाराचा नफाही त्याच्याकडे राहत नसे. अलीकडे अकोला व वाशीम जिल्ह्यांत काही फासेपारधी कुटुंबे तणमोराच्या व त्याच्या गवताळ रानाच्या राखणीत सामील झाली आहेत. पक्षी कोठे घरटे करतो, कोणत्या वाटेने उतरतो, हे जे ज्ञान फास टाकण्यास लागे, तेच तेथे उपयोगी पडते.