गावकुसाबाहेरची चाळ

देऊळघाटातल्या तरुण कार्यकर्त्यांशी बोलताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : गाव सुटले की जात सुटते काय? बाबासाहेबांनी खेड्याची भलामण कधी केली नाही, हे खरेच. पण शहराने आपल्याला कोठे वसवले, हेही तपासले पाहिजे.

मुंबईत 1896 साली प्लेग आला. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे 1920 नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे चाळी उभारल्या. एकेक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला अस्पृश्य कामगार तेथेही बहुधा आपल्याच माणसांच्या चाळीत राहिला. सिमेंट नवे होते, पण गावकूस जुनेच होते. 1974 च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली, तेव्हा कोणती चाळ कोणाची, हे दगड मारणाऱ्याला विचारावे लागले नाही.

गिरणीतही तेच. विणकाम खात्यात मजुरी अधिक. पण धोट्यात नवी कांडी घालताना सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून अस्पृश्याला तेथे मज्जाव. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. जो शेजारी विणायला नको, तो शेजारी राहायलाही नकोच!

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. 8 मार्च 1940 रोजी नाझी जर्मनीने तेथे राबणाऱ्या पोलिश कामगारांसाठी फर्मान काढले. छातीवर 'पी' अक्षराचा बिल्ला, वेगळी वस्ती, जर्मनांच्या प्रार्थनेला बंदी. श्रम हवेत, माणूस नको, हाच तेथलाही न्याय. तेथे बिल्ला शिवावा लागला, कारण चेहऱ्यावरून ओळख पटत नव्हती. आपल्याकडे आडनाव आणि पत्ता पुरतो. तो हुकूम 1945 मध्ये सत्तेबरोबर संपला. आपला हुकूम कोणा एका सत्तेने काढलेलाच नव्हता.

मग 1942 च्या जुलैत नागपूरच्या परिषदेने स्वतंत्र वसाहतींची मागणी का केली? कारण लादलेला महारवाडा आणि स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या बळावर वसवलेली वस्ती, यांत मालक आणि वेठबिगार यांच्याइतके अंतर आहे. पहिल्यात आपल्याला दूर ठेवले जाते. दुसऱ्यात गावाच्या मेहेरबानीची गरज संपते.

म्हणून त्या तरुणांना माझे उत्तर असे : गाव सोडा, जरूर सोडा. पण शहरात भाड्याची खोली मागताना आडनाव विचारले गेले, तर निमूटपणे पुढच्या दारी जाऊ नका. तेथेच उभे राहून कारण विचारा.