कॉल चालू असताना नेट का थांबतं?

ई-पीक पाहणीचा फोटो अपलोड होत असतो, तेवढ्यात फोन वाजतो आणि नेट बंद. शिव्या टॉवरला पडतात, पण बऱ्याचदा कारण दोन सिमचं असतं. नेट एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर आला, की अनेक फोनमध्ये कॉल संपेपर्यंत नेट थांबतं. सिमच्या सेटिंगमध्ये 'कॉलदरम्यान डेटा' अशा नावाचं बटण असतं. ते चालू केलं तर नेट तेवढ्यापुरतं कॉलवाल्या सिमवर जातं. डेटाही मग त्याच सिमचा जातो. तिथे पॅक नसेल तर उपयोग नाही.

त्यासाठी व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल लागण्याची सोय, चालू हवी. ती बंद असली की फोन कॉलसाठी २जी-३जीवर उतरतो, आणि २जीवर बोलताना नेट चालतच नाही. एकच सिम असलं तरी हेच.

व्होल्टी कॉलने डेटा पॅक संपतो ही समजूत मात्र चुकीची. मोबाईल डेटा बंद ठेवला तरी हा कॉल लागतो. व्हॉट्सॲप कॉलचं वेगळं, तो सगळा डेटावरच चालतो.