ज्या जहाजावर एकही माणूस दगावला नाही

वाचकहो, शिडाच्या जहाजांचा इतिहास वाचताना आपण आरमारांची व लढायांची नावे पाठ करतो. व्यापारी जहाजांवर पोटासाठी राबणारे खलाशी मात्र त्या पानांतून निसटतात. आयर्लंडच्या अशाच एका मालवाहू जहाजाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडत गेला. गरिबांचे पोट बटाट्यावरच चालत असे. उपासमारीने व साथींनी सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. कॅनडातून इमारती लाकूड आणणारी जहाजे परत जाताना बहुधा रिकामी असत. मालकांनी त्यांत माणसे भरली. दाटीवाटी, घाण आणि टायफसचा ताप यांमुळे या जहाजांना ‘तरंगत्या शवपेट्या’ असे नाव पडले. १८४७ या एकाच वर्षी क्वेबेकजवळच्या ग्रोस इल बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरावी लागली.

त्याच साली क्वेबेक येथे जॉन मन यांनी ‘जीनी जॉन्स्टन’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज बांधले. आयर्लंडमधील ट्रली गावचे व्यापारी निकोलस डोनोव्हन यांनी ते विकत घेतले. २४ एप्रिल १८४८ रोजी १९३ प्रवासी घेऊन ते प्रथम निघाले. १८५५ पर्यंत त्याने सोळा सफरी केल्या, अडीच हजारांवर माणसे पलीकडे पोहोचविली आणि वाटेत एकही जीव गमावला नाही!

समुद्र तोच, प्रवासी तितकेच गरीब आणि जागेची अडचणही तीच. मग फरक कोठे पडला? नशिबाचा वाटा असेलही. पण कप्तान जेम्स ॲट्रिज अनुभवी व माणुसकीचे होते आणि जहाजावर रिचर्ड ब्लेनरहॅसेट हे एडिंबरोत शिकलेले डॉक्टर होते. प्रवाशांना मोकळ्या हवेत डेकवर आणावे, खालची जागा व अंथरुणे स्वच्छ ठेवावीत, याबद्दल डॉक्टरांचा कटाक्ष असे.

१८५८ मध्ये, मालकी बदलल्यानंतर, लाकूड घेऊन हलकडे जाताना हे जहाज अटलांटिकमध्ये पाण्याने भरले. खलाशी डोलकाठ्यांच्या दोरखंडांवर चढून बसले. नऊ दिवसांनी एका डच जहाजाने त्यांना उतरवून घेतले. जहाज बुडाले, माणसे मात्र याही वेळी सर्व वाचली.

वाचकहो, ज्ञान आणि कर्तव्यबुद्धी एकत्र आली की साधे लाकूडवाहू जहाजही किती जणांचा आधार होते, ते येथे दिसते. मोकळी हवा, स्वच्छता आणि शिकलेला एक डॉक्टर! शिक्षणाचे मोल याहून सोप्या शब्दांत मुलांना कसे सांगावे?