मोटारसायकलींतील ‘फेरफार’ आणि त्याची नोंद : वाकोल्याच्या निमित्ताने एक टिपण

१

विद्यानगरीच्या आवारातून बाहेर पडून द्रुतगती महामार्गाच्या दिशेने निघाले, की थोड्याच वेळात वाकोला लागतो. ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे जुने गावठाण, संत अँथनीचे चर्च, मिठी नदीस जाऊन मिळणारा नाला आणि महामार्गावरील पूल, एवढ्या खुणांनी हा भाग मुंबईकरांस परिचित आहे. येथील आणि आसपासच्या कलिना-कुर्ल्याच्या गल्ल्यांतून दुचाकी वाहने दुरुस्त करणारी जी लहान दुकाने आहेत, त्यांच्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः मुंबईच्या अशा दुकानांतून केवळ दुरुस्ती होत आलेली नाही. टाकी बदलणे, मडगार्ड कापणे, हँडल उंच वा बुटके करणे, सांगाड्याला नवा नळ जोडणे, प्रसंगी एका गाडीचे इंजिन दुसरीच्या सांगाड्यात बसविणे, अशी कामे तेथे अनेक पिढ्या होत आली आहेत. कारखान्यातून आलेल्या मोटारसायकलीचे अशा रीतीने दुसऱ्याच मोटारसायकलीत रूपांतर करण्याच्या या व्यवसायास अलीकडे स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळू लागली आहे. कायद्याच्या भाषेत मात्र त्यास एकच शब्द आहे : ‘फेरफार’.

या शब्दाचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे, की गेल्या पाऊणशे वर्षांत फेरफाराची प्रेरणा गरजेकडून आवडीकडे सरकली आणि त्याच काळात कायद्याची दृष्टी नोंदीकडून निषेधाकडे वळली. या दोन प्रवाहांच्या संगमावर जे हरवले ते म्हणजे लेखी साधन. फेरफार थांबला नाही. त्याची नोंद होणे थांबले.

२

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने निकालात काढलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस इत्यादी ब्रिटिश बनावटीच्या मोटारसायकली हिंदुस्थानात विक्रीस आल्या. दिल्लीत तर युद्धकालीन हार्ले-डेव्हिडसन गाड्यांना मागे प्रवासी बैठक जोडून ‘फटफट सेवा’ सुरू झाली आणि ती गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. मूळ कारखाने सात समुद्रांपलीकडे आणि आयातीवर कडक निर्बंध, अशा स्थितीत सुटा भाग मिळणे दुरापास्त असे. मिळेल त्या भागास लेथवर कातून, कानशीने घासून, वितळजोड देऊन बसविणे हाच मार्ग होता. फेरफार ही त्या काळी हौस नसून गाडी जिवंत ठेवण्याची अट होती.

१९५५ साली मद्रास येथे एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ‘बुलेट’ देशात तयार होऊ लागली. मुंबईच्या रुस्तुम व फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या सहकार्याने म्हैसूर येथे कारखाना उभारला. तेथील गाड्या पुढे १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने निघू लागल्या. मुंबईच्या उपनगरांत कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता, भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा स्कूटर बनवीत असे, तर वाकोल्यालगतच्या सांताक्रूझ विमानतळावर विमानांच्या देखभालीच्या कार्यशाळा होत्या. पत्रा, जोडकाम आणि यंत्रांची नाडी जाणणारे कामगार या पट्ट्यात मोठ्या संख्येने राहू लागले, हे उघडच आहे.

सामग्रीची सोयही शहरातच होती. हत्यारे व बेअरिंगे नागदेवी रस्त्यावर, मोटारींचे सुटे भाग ऑपेरा हाउसच्या परिसरात, जुने जिन्नस चोरबाजारात आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव कुर्ल्याच्या सीएसटी मार्गावर, असा या व्यवसायाचा नकाशा सांगता येतो. या साऱ्यास एकत्र आणणारा पुरुष म्हणजे ‘मिस्त्री’. हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, म्हणजे उस्ताद, यावरून आपल्याकडे आला. विद्येचा अधिकार सांगणारा हा शब्द आपण केवळ हातकामाशी जोडून टाकला, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासावर पुरेसा प्रकाश टाकते.

३

फेरफारासाठी बुलेटच अधिक का निवडली गेली, याचे उत्तर तिच्या रचनेत सापडते. ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धावेचा एकच सिलिंडर, एकूण घनफळ ३४६ घन सेंटिमीटर, आणि जुन्या घडणीत इंजिनापासून वेगळी असलेली गिअरपेटी. यामुळे तिचा प्रत्येक अवयव सुटा करता येई व सुटा समजून घेता येई. मद्रासच्या कारखान्याने ही घडण अनेक दशके फारशी बदलली नाही. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, तरी इकडे उत्पादन चालूच राहिले. साहजिकच एका मिस्त्रीने शिकलेले ज्ञान त्याच्या शागिर्दाच्या हयातीतही कालबाह्य झाले नाही. तंत्रविद्येची मौखिक परंपरा टिकण्यास वस्तूचे असे स्थैर्य लागते. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंजिन व गिअरपेटी एकाच कवचात आणणारी नवी घडण आली, तेव्हा या परंपरेस पहिला मोठा धक्का बसला.

रूपांतराचे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. पुढचा फोर्क लांब करून ‘चॉपर’ घडवावयाचा, तर सांगाड्याच्या मानेचा कोनही बदलावा लागतो. तो न बदलता फोर्क लांबविला तर गाडीचा पुढील भाग उचलला जातो आणि वळण घेणे जड होते. मागे रुंद टायर बसवावयाचा, तर स्विंगआर्म रुंद करावा लागतो आणि साखळी एका रेषेत राहावी म्हणून दात-चक्रे बाहेर सरकवावी लागतात. मडगार्ड व अनावश्यक भाग उतरवून हलकी केलेली ‘बॉबर’ गाडी करताना काही कारागीर मागील शॉकॲब्सॉर्बर काढून सांगाडा ताठ करतात. १९४९ साली बाजारात आलेल्या बुलेटचे वैशिष्ट्यच मुळी मागील चाकाचा स्विंगआर्म हे होते. अभियांत्रिकीने जी सोय मोठ्या अभिमानाने दिली, तीच पुढील काळाच्या अभिरुचीने काढून टाकली. वस्तूचा इतिहास केवळ उपयुक्ततेच्या मापाने लिहिता येत नाही, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

४

गरज आणि आवड यांच्या मधल्या टप्प्याचे साक्षीदार म्हणून डिझेल बुलेटकडे बोट दाखविता येईल. पेट्रोल महागले तेव्हा पाण्याच्या पंपासाठी व लहान यंत्रांसाठी वापरली जाणारी एक-सिलिंडरी डिझेल इंजिने बुलेटच्या सांगाड्यात बसविण्याचे प्रयोग मिस्त्र्यांनी केले. अखेर १९९३ साली एनफिल्ड कंपनीनेच ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचे ३२५ घन सेंटिमीटरचे इंजिन घालून ‘टॉरस’ ही डिझेल मोटारसायकल बाजारात आणली. तिची शक्ती सुमारे साडेसहा अश्वशक्ती, म्हणजे पेट्रोल बुलेटच्या निम्म्याहूनही कमी होती. परंतु लिटरमागे ती कितीतरी अधिक अंतर तोडी. गल्लीतील फेरफार येथे कारखान्याच्या नमुन्याच्या पुढे होता. टॉरसच्या निर्मितीचे श्रेय कंपनीच्या इतिहासात नोंदले गेले. पूर्वीच्या प्रयोगकर्त्यांची नावे मात्र कोणत्याही दप्तरात नाहीत.

यानंतरचा टप्पा आवडीचा. अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी जड गाड्या छाटून हलक्या करण्यास प्रारंभ केला; इंग्लंडमध्ये लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या तरुणांनी ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या सांगाड्यात घालून ‘ट्रायटन’ घडविली. या प्रथांची चित्रे नियतकालिकांतून व चित्रपटांतून इकडे पोहोचली. पण तशा गाड्या पोहोचल्या नाहीत. मोठ्या अमेरिकी मोटारसायकलींच्या आयातीचा मार्ग मोकळा होण्यास २००७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी झालेल्या व्यापारी समझोत्यात अमेरिकेने भारतीय आंब्यास दार उघडले आणि भारताने मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींस. कोकणातील बागाईतदार आणि मुंबईतील मोटारसायकलप्रेमी यांची हिते अशी एकाच करारात गुंफली गेली. तोपर्यंत ज्यास तशी गाडी हवी असे, त्यास ती बुलेटच्या इंजिनाभोवती येथेच घडवून घ्यावी लागे.

याच सुमारास, या शतकाच्या पहिल्या दशकात, मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी अशा गाड्या घडविण्याचा व्यवसाय नावारूपास आणला. त्यांच्या संस्थेचे नाव ‘वर्देंची’. भाषेच्या अभ्यासकाने या नावापाशी क्षणभर थांबावे. ही षष्ठी आहे आणि तिचे विशेष्य अध्याहृत आहे : वर्देंची (मोटारसायकल). ‘ही गाडी कोणाची?’ या प्रश्नास आपण आजवर मालकाचे नाव सांगत आलो. येथे प्रथमच कर्त्याचे नाव पुढे आले आणि मिस्त्रीच्या अनामिक कामास कर्तृत्वाची षष्ठी लागली. गोव्यात २००३ पासून भरू लागलेला ‘रायडर मेनिया’ आणि २०१३ साली सुरू झालेला ‘इंडिया बाइक वीक’ यांसारख्या मेळाव्यांतून अशा गाड्या पारखणारा प्रेक्षकवर्गही तयार झाला. कारागीर, त्याची कृती आणि तिचा रसिक, अशी त्रयी पुरी झाल्यावर कोणत्याही व्यवसायाचे कलेत रूपांतर होते; येथेही तसेच घडले.

५

आता कायद्याकडे वळू. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात फेरफारासंबंधी कलम होते व त्याचा रोख नोंदणी-पुस्तक वस्तुस्थितीशी जुळते राहावे, याकडे होता. १९८८ च्या कायद्यातील मूळ ५२ व्या कलमानेही तेच सूत्र पुढे नेले. गाडीत असा बदल करावयाचा असेल की ज्यामुळे नोंदणी-पुस्तकातील तपशील खरा राहणार नाही, तर आधी सूचना द्यावी व मंजुरी घ्यावी. सात दिवसांत उत्तर न आल्यास मंजुरी मिळाली असे समजावे. जादा जोडण्यांमुळे वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडल्यास मंजुरीची आवश्यकता नाही, अशी ती व्यवस्था होती. येथे प्रमाण होते ते नोंदीचे. गाडी बदलली तर नोंद बदलावी, एवढीच अपेक्षा होती.

२००० सालच्या दुरुस्तीने हे प्रमाण बदलले. उत्पादकाने मूळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करू नये, असे कलम आता सांगू लागले. मंजूर संचाच्या साहाय्याने इंधनाचा प्रकार बदलण्यासारखे काही अपवाद तेवढे ठेवले गेले. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला आणि राज्याचे नियम त्यास डावलू शकत नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती-कायद्याने अवैध फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांकडून नमुना-वाहनाची चाचणी करून घेण्याचा मार्ग उत्पादकांस खुला आहे. परंतु एकेका ग्राहकासाठी एकेकच गाडी घडविणाऱ्या कारागिरास तो परवडणारा नाही.

या धोरणामागील कारणे क्षुल्लक नाहीत, हे मान्य केले पाहिजे. चुकीच्या कोनात जोडलेली मान भर वेगात तुटली, तर स्वारासह रस्त्यावरील निरपराध माणसाचाही जीव जातो. सायलेन्सरची जाळी काढून रात्री-अपरात्री वस्तीतून गाडी नेणाऱ्याचे समर्थन कोणी करणार नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, तेव्हा नागरिकांस समाधानच वाटले. परंतु ज्याने केवळ आवाज वाढविला तो आणि ज्याने सहा महिने खपून सांगाडा नव्याने रचला तो, हे दोघे एकाच शब्दाखाली येतात. कौशल्य आणि उपद्रव यांत भेद करू न शकणारी परिभाषा ही शासनाच्या दृष्टीने सोयीची असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने आंधळी होय.

६

या साऱ्याचा परिणाम साधनांवर झाला. पूर्वीचे नोंदणी-पुस्तक हे, पाळले गेले असेल तेथे, गाडीचे चरित्र होते. इंजिन केव्हा बदलले, रंग केव्हा बदलला, हे त्यात वाचता येई. आता पुस्तक कारखान्याचा तपशील सांगते आणि गाडी दुसरेच काही सांगते. मालक बोलावयास कचरतो, मिस्त्री नाव सांगत नाही, पावती कोणी ठेवीत नाही. जे उघडपणे करता येत नाही त्याची कागदपत्रे मागे राहत नाहीत, हा नियम इतिहासकारास इतर क्षेत्रांतूनही परिचित आहे.

यास्तव अशा प्रसंगी वस्तू हेच साधन मानावे लागते. पुराणवस्तूंचा अभ्यासक भांड्याच्या काठावरून कुंभाराच्या हाताची ओळख पटवितो. त्याच रीतीने वितळजोडाची शिवण, कानशीच्या खुणा, टाकीच्या पत्र्याची घडण यांवरून कार्यशाळांची घराणी ओळखता येतील. मात्र त्यासाठी गाड्या शिल्लक असावयास हव्यात. वाहन मोडीत काढण्याचे जे धोरण २०२१ पासून आकारास आले, त्यामुळे जुन्या गाड्यांचे आयुष्य अधिकच अनिश्चित झाले आहे. वृद्ध मिस्त्र्यांच्या आठवणींस तर तेवढीही मुदत नाही.

आपल्या विद्यापीठांतून मराठ्यांच्या दप्तरांचे वाचन करणारे विद्यार्थी पिढ्यान्पिढ्या तयार झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांपैकी दोघाचौघांनी वही घेऊन वाकोल्याच्या गल्लीत बसावे, नाव गुप्त ठेवण्याचे वचन देऊन मिस्त्र्यांची कथने टिपून घ्यावीत, फरशीवर खडूने काढलेली मापे पुसली जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि एकेका गाडीचे चरित्र लिहून काढावे, अशी आमची सूचना आहे. जे काम नोंदणी-पुस्तकाने करावयाचे सोडले, ते आता इतिहासाच्या विद्यार्थ्याकडे आले आहे. आवारापासून ही गल्ली फार दूर नाही.