बुरशीगोळा, फुप्फुसातील (ॲस्परजिलोमा)

फुप्फुसात आधीपासून असलेल्या पोकळीत ॲस्परजिलस बुरशीचे तंतू, श्लेष्मा व मृत पेशी यांचा गुंता होऊन बनलेला गोळा. पोकळी बहुधा बऱ्या झालेल्या क्षयरोगाची असते; म्हणून भारतात वरच्या खंडातील जुन्या व्रणाकडे पाहताना ही शक्यता ध्यानात ठेवावी लागते.

छातीच्या क्ष-किरण चित्रात भरीव गोल छाया व तिच्या वर हवेची चंद्रकोर दिसते. रुग्णाला उताणे आणि मग पालथे झोपवून सीटी स्कॅन काढल्यास सुटा गोळा पोकळीत खालच्या बाजूला घरंगळतो. कर्करोगाची गाठ अशी हलत नाही. मात्र साकळलेले रक्त हलू शकते, आणि भिंतीला चिकटलेला बुरशीगोळा जागचा हलत नाही. त्यामुळे या एकाच खुणेवर विसंबता येत नाही. गोळा दिसण्यापूर्वीच पोकळीची भिंत व लगतचे फुप्फुसावरण जाड होऊ लागते. हा बदल जुन्या चित्रांशी ताडून पाहिला तरच कळतो, आणि नेमकी तीच चित्रे पुष्कळदा घरी जपलेली नसतात.

चंद्रकोर फसवीही असते. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला आक्रमक ॲस्परजिलोसिस झाल्यास प्रथम गाठीभोवती रक्तस्रावाचे धूसर वलय दिसते. चंद्रकोर पुढे, पेशी पुन्हा वाढू लागल्यावर उमटते. तेथे ती बहुधा सुधारणेची खूण ठरते.

बुरशीगोळ्याच्या निदानाच्या पुष्टीसाठी रक्तातील ॲस्परजिलसविरोधी आयजीजी प्रतिपिंडे तपासतात. मुख्य धोका खोकल्यातून रक्त पडण्याचा. ते प्राणघातकही ठरू शकते.