मिग, मामू आणि इद्रिस हसन लतीफ

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावरून मिग-२१ विमानांनी शेवटचं उड्डाण केलं. मी बुलढाण्यात घरी बसून ते मोबाईलवर पाहत होतो. विमानं उतरली, त्यांच्यावर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली आणि ६२ वर्षांची सेवा संपली. डोळे भरून आले. घरातल्या मुलांना हसू आलं. एका यंत्रासाठी एवढं काय? त्यांना उत्तर द्यावं म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. लहानपणी विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ. पण आमच्या घरात विमानाची ओळख दुसऱ्या वाटेने आली. माझे मामू नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात फिटर होते. १९६४ मध्ये तो कारखाना मिग विमानांसाठीच उभा राहिला. सोव्हिएत रशियाच्या परवान्याने तिथे मिग-२१ तयार होऊ लागली आणि पुढच्या वीस वर्षांत सहाशेहून अधिक बाहेर पडली. ईदला मामू रेल्वेने मलकापूरला उतरायचे, तिथून एसटीने राजूर घाट चढून बुलढाण्याला यायचे. सोबत नाशिकचा चिवडा असायचा आणि माझ्या प्रश्नांना टाळायची तयारी.

कारण मामू कारखान्यातलं काही सांगायचे नाहीत. आज किती विमानं झाली, आत काय आहे, विचारलं की म्हणायचे, "बेटा, आतलं बाहेर बोलायचं नसतं." अम्मीलाही त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायचे ते एवढंच, जे कोणत्याही पुस्तकात मिळेल. एकदा त्यांनी वहीचा कागद त्रिकोणी दुमडून मला समजावलं होतं की मिगचे पंख असे छोटे आणि त्रिकोणी का. आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं तर पंख लहान हवेत. पण लहान पंखांना हळू उडणं जमत नाही, म्हणून उतरतानाही हे विमान ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगात असतं आणि थांबायला मागून पॅराशूट सोडावं लागतं. पुढे या विमानाच्या अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले, तेव्हा तो कागद मला आठवायचा. प्रशिक्षणाच्या संथ विमानावरून मुलं थेट या तडफदार यंत्रावर जात होती. मधली पायरी असलेलं हॉक हे प्रशिक्षण विमान हवाई दलात आलं ते २००८ मध्ये. सगळा दोष यंत्रावर टाकून 'उडती शवपेटी' म्हणणं सोपं होतं.

१९७८ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. अब्बांनी वर्तमानपत्रातला एक फोटो कापून लोखंडी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. हवाई दलाचे नवे प्रमुख, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. त्यांच्या आधीचे प्रमुख होते हृषीकेश मुळगावकर, मुंबईत जन्मलेले मराठी माणूस, काश्मीरच्या पहिल्या युद्धातल्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळवलेले. मुळगावकरांकडून लतीफांकडे सूत्रं गेली. आमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता.

त्या फोटोचा मला लवकरच उपयोग करावा लागला. शाळेच्या वहीत मी विमानं काढायचो. एका मोठ्या माणसाने वही पाहिली आणि हसत विचारलं, "हे आपलं की त्यांचं?" वर्ग हसला. मी काढलेलं होतं नॅट, ज्याने १९६५ च्या युद्धात पाकिस्तानची सेबर पाडली होती. पण मी नॅटबद्दल बोललो नाही. मी म्हणालो, "आपल्या हवाई दलाचे प्रमुख मुसलमान आहेत." घरी येऊन अब्बांना हे अभिमानाने सांगितलं. अब्बा खूश होतील असं वाटलं होतं, ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "विमान कोणतं ते विचारलं होतं ना? मग विमानाचं नाव सांगायचं."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

लतीफांचा जन्म १९२३ चा, हैदराबादचा. १९४२ मध्ये ते हवाई दलात आले. महायुद्धात इंग्लंडला जाऊन हरिकेन आणि स्पिटफायर चालवायला शिकले, मग बर्माच्या आघाडीवर होते. फाळणी झाली तेव्हा विमानं, इंजिनं, सुटे भाग यांची वाटणी झाली, तशी माणसांचीही झाली. असगर खान आणि नूर खान हे लतीफांचे सहकारी आणि मित्र. दोघांनी त्यांना पाकिस्तानात येण्याचा आग्रह केला. लतीफांनी नकार दिला. ते दोघेही पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. १९६५ च्या युद्धात नूर खान त्या पदावर होते. एकाच आघाडीवर लढलेली माणसं समोरासमोरच्या दोन हवाई दलांत गेली.

२६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा दिल्लीवरून विमानांनी पहिली सलामी दिली. तिचं नेतृत्व लतीफांनी केलं. ते तेव्हा टेम्पेस्ट विमानांच्या चार नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. टेम्पेस्ट हे पंख्याच्या शेवटच्या लढाऊ विमानांपैकी एक. नाकात १८ सिलिंडरचं अजस्र इंजिन. जेटचा जमाना सुरू झाला आणि काही वर्षांत ही विमानं मागे पडली. लतीफ मात्र नव्या विमानांबरोबर नवे होत गेले. १९७१ च्या युद्धात ते हवाई मुख्यालयात नियोजनाच्या जबाबदारीवर होते आणि प्रमुख असताना जग्वार विमानं त्यांच्याच काळात आली. निवृत्तीनंतर १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्याच काळात त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ यांनी धारावीच्या वस्तीत काम केलं. २०१८ मध्ये लतीफ हैदराबादला वारले.

आपल्या सभांमध्ये लतीफांचं नाव अनेकदा येतं. अब्दुल हमीद, ब्रिगेडियर उस्मान, लतीफ, अशी यादी वाचली जाते आणि टाळ्या पडतात. मला त्या यादीचा राग नाही. लहानपणी मीही तीच यादी वापरली. पण वक्त्याला खाली उतरल्यावर विचारून पाहा, लतीफांनी कोणतं विमान चालवलं? उत्तर येत नाही. आपण त्यांना दाखल्यासारखं वापरतो. तहसीलमधून दाखला आणावा, खिडकीवर दाखवावा आणि घडी करून ठेवावा, तसं. ज्याने मुलाच्या वहीकडे पाहून "आपलं की त्यांचं" विचारायचं ठरवलं आहे, त्याचं दाखल्याने समाधान होत नाही. तो उद्या नवा दाखला मागतो. आणि दाखले गोळा करण्याच्या नादात आपण त्या माणसाचं आयुष्य, त्याचं कसब, त्याचं यंत्र सगळं विसरतो. अब्बा हेच सांगत होते. नॅट माझ्या देशाचं विमान होतं. ते मी आवडीने काढलं होतं. एवढं उत्तर पुरेसं होतं.

जुन्या विमानांच्या इतिहासात शिकण्यासारखं फार आहे. एकच उदाहरण देतो. महायुद्ध संपल्यावर लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं कानपूरला टाकून दिली गेली. ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मोडून ठेवलेली होती. स्वतंत्र भारताकडे मोठं बॉम्बफेकी विमान नव्हतं आणि विकत घ्यायला पैसाही नव्हता. मग आपल्या कारागिरांनी त्या भंगारातून विमानं कशीबशी उडण्याजोगी केली आणि जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती एकेक करून बंगळुरूला नेली. तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. अशी सुमारे चाळीस विमानं उभी राहिली आणि १९६८ पर्यंत उडत राहिली. ज्यांनी ती टाकून दिली, त्या देशांनाच पुढे संग्रहालयासाठी लिबरेटर हवं झालं, तेव्हा ते भारताने दिलं. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आज जे लिबरेटर उभं आहे, ते भारतातूनच गेलेलं. ते वाचवणाऱ्या फिटरांची नावं कुठल्या यादीत नाहीत.

दिल्लीत पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे. तिथे वापिटी, स्पिटफायर, टेम्पेस्ट, लिबरेटर, नॅट सगळी आहेत. मी मामूंना तिथे घेऊन गेलो होतो, ते निवृत्त झाल्यानंतर. मिगसमोर ते बराच वेळ उभे राहिले. पंखाखाली वाकून रिव्हेटची ओळ पाहिली. मी विचारलं, "हे तुमच्या हातचं का?" म्हणाले, "असेल." बस, एवढंच.

मामू आता नाहीत. त्या दिवशी मोबाईलवर शेवटचं मिग उतरलं तेव्हा डोळे का भरले, ते मुलांना मी असं सांगितलं. धाकट्या पुतणीने मग वहीचा कागद घेतला आणि विचारलं, त्रिकोण कसा दुमडायचा? दाखवला.